मानाच्या खुर्च्या व परक्यांच्या ठेवी

गेल्या वर्षीं एका सहकारी संस्थेच्या वार्षिक समारंभास जाण्याचा आम्हांस योग आला. प्रमुख पाहुण्यांनीं नागरी सहकारी बँकांच्या सद्यःस्थितीचा विषय भाषणास घेतला होता. भाषण ओघवतें होतें, टाळ्याही पुष्कळ पडल्या. परंतु त्याचें सार कोणी कागदावर मांडूं जाईल तर तें तीन वाक्यांत मावेल. पहिलें वाक्य, बँका बुडतात त्या दोनचार लबाड माणसांच्या करणीनें. दुसरें, ह्या लबाडांस वेळींच पकडावयाचें तें रिझर्व्ह बँकेनें, आणि ती तर झोंपलेली असते. तिसरें, रिझर्व्ह बँक जागी झाली म्हणजे नियमांचा असा भडिमार करते कीं त्यांत सहकाराचा जीव गुदमरून जातो. एकाच संस्थेवर घोरण्याचा आणि अतिजागरणाचा असे दोन्ही आरोप एकाच दमांत करतां येतात हें त्या दिवशीं आम्हांस प्रथमच कळलें. तर्कशास्त्र शिकविण्यांत आमचीं पंचवीसांवर वर्षें गेलीं असल्यामुळें असल्या जागीं टाळी वाजविण्यास आमचे हात उचलत नाहींत. शेजारच्या गृहस्थांनीं आमच्याकडे जरा नाराजीनेंच पाहिलें.

ह्या भाषणांत सभासद होते, कर्मचारी होते, रिझर्व्ह बँक होती, सहकारखातेंही होतें. एक मनुष्य मात्र नव्हता, आणि तो म्हणजे संचालक. व्यासपीठावर तो ओळीनें बसला होता. भाषणांत तेवढा नव्हता.

आमचें म्हणणें असें आहे कीं, बँक बुडविणारा लबाड मनुष्य निराळा आणि तिला बुडूं देणारा सज्जन मनुष्य निराळा. पहिल्याचें काय करावयाचें तें फौजदारी कायदा पाहून घेईल. आमचा वाद दुसऱ्याशीं आहे. हा दुसरा मनुष्य डॉक्टर असतो, वकील असतो, निवृत्त मुख्याध्यापक असतो, देवस्थानाचा पंच असतो. आणि पुढें दिसेल त्याप्रमाणें क्वचित् प्रोफेसरही असतो. त्यानें एक पैसा खाल्लेला नसतो. त्यानें फक्त विचारलेलें नसतें.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचें उदाहरण घेऊं. तें ताजें नसलें तरी पुरतें उघडें झालेलें आहे. २३ सप्टेंबर २०१९ रोजीं कामकाज बंद होतांच ह्या बँकेवर निर्बंध आले, आणि ठेवीदाराला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढतां येतील असें दुसऱ्या दिवशीं कळलें. ठेवीदार होते सुमारें नऊ लक्ष. ठेवी होत्या अकरा हजार कोटींच्या वर. पुढें ही एक हजारांची मर्यादा दहा, पंचवीस, चाळीस, पन्नास हजार अशी चढत जाऊन जून २०२० मध्यें एक लाखावर आली. शेवटीं २५ जानेवारी २०२२ रोजीं ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन झाली, आणि ज्यांच्या ठेवी मोठ्या होत्या त्यांना त्या दहा वर्षांच्या मुदतींत टप्प्याटप्प्यानें परत करण्याची योजना ठरली. सत्तरीच्या मनुष्यास दहा वर्षांची मुदत देणें ह्याचा अर्थ काय होतो तो आम्ही सांगत बसत नाहीं.

हें घडलें कशानें? बँकेच्या एकूण कर्जांपैकीं सत्तर टक्क्यांच्या वर, म्हणजे साडेसहा हजार कोटींच्या आसपास रक्कम, एकाच बांधकाम-समूहाकडे गेली होती. नियम असा होता कीं एका समूहाला बँकेच्या भांडवली निधीच्या चाळीस टक्क्यांहून अधिक देऊं नये. नियम मोडला हें लपविण्यासाठीं त्या समूहाच्या ४४ थकलेल्या खात्यांच्या जागीं एकवीस हजारांहून अधिक बनावट खातीं दाखविण्यांत आलीं, असें फिर्यादींत नमूद आहे. आणि कर्जें वर्षानुवर्षें दडविल्याची कबुली खुद्द व्यवस्थापकीय संचालकानेंच रिझर्व्ह बँकेस पत्र लिहून दिली. येथें प्रमुख पाहुणे म्हणतील, "पाहा, लबाडीच ती! बनावट खात्यांपुढें बिचाऱ्या संचालकांनीं काय करावें?"

काय करावें तें सांगतों. एकवीस हजार खातीं रचलीं गेलीं तीं तपासनिसाच्या डोळ्यांत धूळ टाकण्यासाठीं. तपासनीस परका असतो, तो कागदावर चालतो. संचालक परका नसतो. आपल्या बँकेचीं सर्वांत मोठीं वीस कर्जें कोणाकडे आहेत, त्यांतला प्रत्येक जण धंदा काय करतो, आणि त्यानें मागल्या वर्षीं व्याज स्वतःच्या मिळकतींतून भरलें कीं आपणच दिलेल्या नव्या कर्जांतून, हा प्रश्न विचारण्यास लेखापालाची परीक्षा लागत नाहीं. शिवाय बँकेचे अध्यक्षच पूर्वीं अनेक वर्षें त्या बांधकाम-कंपनीच्या संचालकमंडळावर बसत होते. ही गोष्ट तळघरांत पुरलेली नव्हती, ती कंपनीच्या छापील अहवालांत होती. ज्यास वाचतां येतें त्याला ती वाचतां आली असती. जातां जातां एक मौज सांगतों: ह्या बँकेंत पैसे ठेवणाऱ्यांत खुद्द रिझर्व्ह बँकेच्या नोकरवर्गाच्या पतसंस्थाही होत्या. तेव्हां प्रतिष्ठित मंडळींस भुलण्याचा रोग केवळ पेन्शनरांना होतो असें नाहीं.

दुसरें उदाहरण त्याहून साधें, म्हणून त्याहून लाजिरवाणें. मुंबईची न्यू इंडिया सहकारी बँक १९६८ सालीं जॉर्ज फर्नांडिस यांनीं कामगारांसाठीं काढली. तेव्हां तिचें नांवच बॉम्बे लेबर सहकारी बँक असें होतें. फेब्रुवारी २०२५ मध्यें तिच्यावर निर्बंध आले, आणि प्रभादेवी व गोरेगांव येथील तिजोऱ्यांतून १२२ कोटींची रोकड नाहींशी झाल्याची फिर्याद दाखल झाली. पुढें ऑगस्टमध्यें ती सारस्वत बँकेंत विलीन झाली. प्रकरण न्यायालयापुढें आहे, म्हणून कोणीं नेलें ह्याविषयीं आम्ही अवाक्षर काढीत नाहीं. परंतु १२२ कोटी पांचशेच्या नोटांत मोजले तर चोवीस लाखांवर नोटा होतात, शंभर-शंभरचीं चोवीस हजारांवर पुडकीं होतात. एवढा ढीग कागदावर असावा आणि जागेवर नसावा, आणि दार उघडून पाहण्याचें कोणा एका संचालकाच्या मनांत येऊं नये! आमच्या आज्जीचा भरंवसा घरांतल्या सर्वांवर होता, तरी ती महिन्यांतून एकदां धान्याच्या कणग्यांत हात घालून पाहत असे. तिला कोणीं संशयी म्हटलें नाहीं.

येथें आम्हांस आपल्या पदराआड दडतां येत नाहीं, म्हणून स्वतःचीच हकीकत सांगतों. सुमारें दहा वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या गांवच्या एका बँकेनें (नांव सांगण्याचें कारण नाहीं, तीसारख्या पुष्कळ आहेत) आम्हांस 'स्वीकृत तज्ज्ञ संचालक' म्हणून घेतलें. आमचें तज्ज्ञत्व काय? तर आम्ही पदवीधर होतों, सभेंत बरें बोलत असूं, आणि कोणाच्या अध्यांत-मध्यांत नव्हतों. हा शेवटचा गुण सर्वांत मोठा ठरला असावा असें आतां वाटतें. सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं भरे. विषयपत्रिकेवर मागील सभेचें इतिवृत्त कायम करणें, शाखेला रंग देणें, दिनदर्शिका छापणें, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करणें इत्यादि विषय असत, आणि त्यांवर कडाक्याची चर्चा होई. दिनदर्शिकेवर गणपति असावा कीं शिवराय, ह्या प्रश्नाला एकदां पाऊण तास गेला. त्या चर्चेंत आम्हींही दोन मुद्दे मांडले होते. मग चहा व बटाटेवडे येत, आणि ते खातां खातां 'मा. अध्यक्षांच्या परवानगीनें ऐन वेळीं येणारे विषय' निघत. कर्जें येथें असत. टिपण आधीं आलेलें नसे, व्यवस्थापक चार ओळी वाचून दाखवीत, "मंजूर?" असें अध्यक्ष विचारीत, आणि आपलें तोंड भरलेलें असल्यामुळें आम्ही मान हालवीत असूं.

एका शीतगृहाचें कर्ज आम्हांस विशेष स्मरतें. तें प्रत्येक मार्चअखेर येई. जुन्या कर्जाचें व्याज थकण्याच्या बेतास आलें कीं थोडें वाढवून नवें कर्ज द्यावयाचें, त्यांतून जुन्याचें व्याज जमा करून घ्यावयाचें, आणि ताळेबंदांत खातें नियमित दिसावयाचें. तिसऱ्या मार्चमध्यें तेंच नांव पुन्हां ऐकूं आलें तेव्हां आम्हीं पेन्सिल उचलली. "हें गेल्या वर्षींही आलें होतें ना?" एवढेंच वाक्य बोलावयाचें होतें. अध्यक्ष वयानें वडील, आमच्या मुलाच्या मुंजीस येऊन गेलेले. शीतगृहाचे मालक अध्यक्षांचे व्याही नव्हेत, पण व्याह्यांचे व्याही. आम्हीं पेन्सिल खालीं ठेविली. सभाभत्त्याचें पाकीट घेतलें आणि घरीं आलों. तीन वर्षांनीं मुदत संपली तेव्हां आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. त्यानंतर दोनेक वर्षांत त्या बँकेवर निर्बंध आले.

त्या आठवड्यांत आमच्या महाविद्यालयांतल्या एका दिवंगत शिपायाची पत्नी आमच्या दारीं आली. यजमानांची ग्रॅच्युइटी तिनें त्या बँकेंत ठेविली होती. ती भांडली नाहीं. "सर, तुमचें नांव पाटीवर होतें, म्हणून तिथें ठेवले," एवढें म्हणाली, आणि पैसे केव्हां मिळतील तें विचारूं लागली. आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें. पुढें विमा महामंडळाकडून तिची रक्कम आली हें खरें. पण मधल्या काळांत मुलीचें लग्न पुढें ढकलावें लागलें तें लागलेंच.

मराठींत भिडेला भिकेची बहीण म्हणतात. आमच्या मतें नागरी बँकांच्या दुर्दशेवर आजवर जेवढे अहवाल निघाले त्या सर्वांत ह्या म्हणीहून अचूक निदान क्वचितच सांपडेल. आमच्या मध्यमवर्गाला प्रश्न विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें, आणि अविश्वास दाखविणें म्हणजे अपमान करणें, असें वाटतें. दोन मित्रांत हा शिष्टाचार शोभतो, कारण तेथें पणाला लागलेलें असेल तें दोघांचें असतें. संचालकांच्या खोलींत जें पणाला लागलेलें असतें तें त्या खोलींत नसलेल्या मनुष्याचें असतें. परक्याच्या पैशावर आपली भीड राखणें ह्यास सौजन्य म्हणावयाचें असेल तर चोराच्या औदार्यासही दानधर्म म्हणावें लागेल.

आतां रिझर्व्ह बँकेकडे वळूं. तिची बाजू घेण्याचें आम्हांस कारण नाहीं. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँका बँकिंग नियमन कायद्याखालीं आल्या, पण अर्ध्याच. पैशाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेनें पाहावा आणि संस्थेचा कारभार सहकारी निबंधकानें, अशी वांटणी झाली, आणि दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तसें देखरेखीचें झालें. २००१ सालीं अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअरबाजारांतल्या एका दलालापायीं कोसळली तेव्हांच हें द्वैत सर्वांच्या डोळ्यांवर आलें होतें; तें बरेचसें मोडण्यास २०२० च्या दुरुस्तीची, म्हणजे आणखी एका मोठ्या बुडिताची, वाट पाहावी लागली. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्यें निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो २०२२ मध्यें. नऊ वर्षें ठेवीदार ना जिवंत बँकेचे ना मेलेल्या बँकेचे. ह्या दिरंगाईबद्दल जेवढें बोलावें तेवढें थोडें. पण म्हणून काय? गुरख्याला झोंप लागली हा घरधन्याचा बचाव होऊं शकत नाहीं, आणि दार आंतूनच उघडलेलें असेल तर मुळींच नाहीं. नियामक वर्षांतून एकदां येतो. संचालक दर महिन्यास बसतो.

"ठेवीदाराला आतां पांच लाखांचा विमा आहे, काळजी कशाची?" असेंही एक समाधान ऐकूं येतें. ह्या विम्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९१३ सालीं लाहोरची पीपल्स बँक आणि चांदीच्या सट्ट्यांत गुंतलेली मुंबईची इंडियन स्पीशी बँक बुडाली, तेव्हां ठेवीदारास वाली नव्हता. १९६० सालीं अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळांतली पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हां कोठें १९६२ पासून ठेवविमा आला, तो दीड हजार रुपयांचा. १९९३ मध्यें तो एक लाख झाला आणि सत्तावीस वर्षें तेथेंच थांबला. फेब्रुवारी २०२० मध्यें पांच लाख झाला, आणि निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत तो द्यावा असें २०२१ च्या दुरुस्तीनें ठरलें. हें सर्व चांगलेंच झालें. परंतु प्रत्येक पायरी बुडालेल्यांच्या पाठीवर पाय देऊन चढलेली आहे. आणि विमा हा ठेवीदाराच्या आगींतला बंब आहे, संचालकाला विडी ओढण्याचा परवाना नव्हे. पतपेढ्यांना तर हा बंबही नाहीं.

मूळ दोष त्याहून खोल आहे, आणि त्याचा उच्चार सहकाराच्या व्यासपीठावर होत नाहीं. सहकारी बँकेचा मालक कोण? 'सभासद' हें उत्तर पाठ असतें. सभासद कोण? भाग घेणारा. भाग कोण घेतो? बहुधा ज्यास कर्ज पाहिजे तो. कारण कर्ज घ्यावयाचें तर पुष्कळदां कर्जाच्या प्रमाणांत भाग घ्यावा लागतो. ठेवीदाराला भाग घेण्याची सक्ति नाहीं, आणि भाग नाहीं म्हणून मत नाहीं. म्हणजे ज्या थैलींतून पैसा येतो तिला मत नाहीं, ज्या हातांत तो जातो त्याला मत आहे. शंभर वर्षांपूर्वीं हें ठीक होतें. १९०४ च्या कायद्यानें ज्या पतपेढ्या निघाल्या त्यांत दहावीस शेजारी एकमेकांस ओळखून एकमेकांस कर्ज देत, आणि घेणारा व देणारा बहुशः एकच असे. एक मनुष्य एक मत हें तत्त्व त्या आळींत जन्मलें. आज तेंच तत्त्व हजारों कोटींच्या बँकेस लाविलें जातें. तिचे ठेवीदार चार जिल्ह्यांत विखुरलेले, सभासद मूठभर तालेवारांनीं गाडीभाडें देऊन सभेस आणलेले. अशा बँकेंत ऋणकोंनीं निवडलेलें मंडळ धनकोंच्या पैशाचें विश्वस्त म्हणून बसतें. ह्याला लोकशाही म्हणण्यास आमची हरकत नाहीं. मात्र लांडग्यांनीं बहुमतानें धनगर निवडावा ह्या जातीची ती लोकशाही आहे.

येथें कोणी सहकारद्वेषाचा आरोप करील, म्हणून सांगून टाकतों कीं हा रोग सहकाराचा एकट्याचा नाहीं. इन्फ्रास्ट्रक्चर लीझिंग अँड फायनान्शियल सर्व्हिसेस ह्या बड्या संस्थेचें देणें नव्वद हजार कोटींवर गेलें असतां, २०१८ मध्यें हप्ते थकण्याच्या थोडे दिवस आधींपर्यंत तिला सर्वोच्च मानांकन होतें. तिची जोखीम-समिति तीन वर्षांत एकदांच भरली होती असें सरकारनें न्यायाधिकरणापुढें सांगितलें. आयसीआयसीआय बँकेच्या संचालकमंडळानें मार्च २०१८ मध्यें मुख्याधिकाऱ्यांवर पूर्ण विश्वास जाहीर केला, आणि न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांचा चौकशी-अहवाल हातीं पडतांच जानेवारी २०१९ मध्यें त्यांचें जाणें ही बडतर्फी समजावी असें ठरविलें. मधल्या दहा महिन्यांत बदललें काय, तर कोणीं तरी बाहेरच्यानें प्रश्न विचारले. सरकारी बँकांविषयीं तर २०१४ सालच्या नायक समितीनें एक नमुना देऊन ठेविला आहे: एका बँकेच्या मंडळांत टॅक्सीभाड्याच्या परताव्याच्या धोरणास बुडित कर्जांच्या वसुलीच्या धोरणाइतकीच जागा मिळाली होती. हें वाचलें तेव्हां आम्हांस आमची दिनदर्शिका आठवली.

परंतु खासगी वा सरकारी बँकेंत निदान कोणी तरी मोठा भागधारक, कोणी तरी वर्तमानपत्र, कोणी तरी परका डोळे लावून बसलेला असतो. तालुक्याच्या बँकेकडे कोण पाहतो? तेथें संचालक हाच पहिला व शेवटचा पाहणारा आहे. म्हणून आमचा राग त्याच्यावर अधिक.

उपाय म्हणून आजवर जें झालें तें संचालकाला वगळून झालें. मालेगाम समितीनें २०११ मध्यें सुचविल्याप्रमाणें बँकिंग जाणणाऱ्यांचें निराळें व्यवस्थापन मंडळ असावें, अशी आज्ञा शंभर कोटी व त्यावरील ठेवींच्या नागरी बँकांना डिसेंबर २०१९ मध्यें झाली. कल्पना वाईट नाहीं. पण हें मंडळ नेमावयाचें कोणीं? संचालकांनीं! त्यांनीं आमच्यासारखेच भिडस्त तज्ज्ञ शोधले तर एका मुक्या सभेच्या दोन मुक्या सभा होतील, आणि बटाटेवड्यांचा खर्च तेवढा वाढेल. स्वतः संचालकांना व त्यांच्या नातलगांना कर्ज देण्यास २००३ पासून बंदी आहे. तिच्यावर तोड अशी ऐकूं येते कीं तुझा मनुष्य माझ्या बँकेकडे यावा, माझा तुझ्याकडे. आणि संचालकपदाची सलग मुदत, जी २०२० च्या दुरुस्तीनें आठ वर्षांवर आली होती, ती ऑगस्ट २०२५ पासून दहा वर्षें करण्यांत आली. 'अनुभवी माणसें गमावूं नयेत' हें त्याचें समर्थन केलें जातें. अनुभवी माणसें कोठेंही जात नाहींत, हा आमचा अनुभव आहे. मुदत संपली कीं चिरंजीव किंवा सूनबाई निवडून येतात आणि तीर्थरूप 'मार्गदर्शक' म्हणून त्याच खुर्चीजवळ बसतात. आठांचीं दहा करून कायद्यानें वास्तवाला फक्त नमस्कार केला आहे.

मग आम्हांस काय पाहिजे? ठेवीदारांनीं निवडलेले निदान तीन संचालक, भाग असो वा नसो. प्रत्येक मोठ्या कर्जाच्या ठरावावर कोणीं होय म्हटलें, कोणीं नाहीं म्हटलें आणि कोण गप्प बसलें, ह्याची नांवनिशीवार नोंद. 'सर्वानुमतें' हा शब्द इतिवृत्तांतून हद्दपार व्हावा. ऐन वेळच्या विषयांत कर्ज घेण्यास बंदी. आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणींत काढलेल्या दोषांचा गोषवारा वार्षिक सभेंत वाचून दाखविणें. ह्या शेवटच्या मागणीला 'ठेवीदार घाबरतील' असा आक्षेप येतो. अशीच सबब रिझर्व्ह बँकेनेंही सर्वोच्च न्यायालयांत सांगितली होती, आणि डिसेंबर २०१५ मध्यें न्यायालयानें ती फेटाळून तपासणी-अहवाल माहितीच्या अधिकाराखालीं द्यावेत असें म्हटलें. बँकांनीं त्यानंतरही विरोध सोडला नाहीं, हें वाचकांस ठाऊक असेल. ठेवीदार आधीं घाबरला तर थोडे पैसे काढील; मागून घाबरला तर त्याला काढण्यास कांहीं उरत नाहीं.

"इतकी जबाबदारी टाकली तर संचालक होण्यास मिळणार कोण?" हा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनीं, जे आज एका बँकेचे उपाध्यक्ष आहेत, आम्हांस मनापासून विचारला. जबाबदारी आजही आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ खालीं संस्थेच्या नुकसानीची भरपाई संचालकांकडून वसूल करतां येते. मात्र ती चौकशी वर्षानुवर्षें चालते, आणि बहुतेकांस ह्या कलमाचा आंकडा बँक बंद पडल्यावरच कळतो. आम्हांस तो तेव्हांच कळला. तेव्हां स्नेह्यांस आमचें उत्तर असें: जे मान मिळतो म्हणून येतात ते न येवोत. शिंप्यानें माप न घेतां कापड कापावें आणि "माप घेण्याची अट असेल तर शिंपी मिळणार नाहीं" असें सांगावें, तशांतला हा युक्तिवाद आहे. स्नेही रागावले नाहींत. पण तेव्हांपासून त्यांनीं हा विषय काढलेला नाहीं.

आमचे थोडे भाग दुसऱ्या एका बँकेंत आहेत. तिच्या वार्षिक सभेची नोटीस परवां आली. विषय बारा आहेत. पांचवा 'लेखापरीक्षकांच्या अहवालाची व दोषदुरुस्ती अहवालाची नोंद घेणें' असा आहे, आणि बारावा तोच, मा. अध्यक्षांच्या परवानगीचा. ज्या सभासदांस कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं सभेपूर्वीं आठ दिवस लेखी कळवावें, असें खालीं बारीक टाइपांत छापलें आहे. सभेस अजून तीन आठवडे आहेत. सर्वांत मोठ्या वीस कर्जांविषयीं एक, तिजोरी शेवटची कोणीं व केव्हां मोजली ह्याविषयीं एक, असे आमचे एकंदर चार प्रश्न आम्हीं काल बँकेंत नेऊन दिले. खिडकीवरच्या मुलीनें ते दोनदां वाचले, आंत जाऊन कोणास तरी विचारून आली, आणि मग पोंच दिली.